उतरवायला काही नव्हतं : गणपत पाटील आणि नाच्याचं हसू

‘आत्ता गं बया!’ हे शब्द तुम्ही पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकलेत? पन्नाशीच्या आतले असाल तर खुद्द गणपत पाटलांच्या तोंडून ऐकले असण्याची शक्यता कमीच. शाळेच्या मधल्या सुट्टीत ऐकले असतील, गणपतीच्या मांडवामागे ऐकले असतील, नाहीतर आमच्या बदलापूर लोकलमध्ये. कल्याण गेलं की डब्यात जरा हातपाय हलवायला जागा होते आणि रोजच्या ग्रुपची मस्करी रंगात येते. कुणीतरी एकजण मनगट सैल सोडतो, मान वेळावतो, हे तीन शब्द लांबवून म्हणतो आणि सगळे हसतात. ज्याला उद्देशून म्हटलेलं असतं तोही हसतो. त्याला हसावंच लागतं. उल्हासनगरला उतरणारा सिंधी दुकानदार असो, अंबरनाथच्या एमआयडीसीतला कामगार असो की बदलापूरपर्यंत जाणारा बँकेतला क्लार्क, या विनोदाला भाषांतर लागत नाही.

माझ्या पीएच.डी.चा विषय ‘मराठी लोकप्रिय विनोदातला बायकी पुरुष’ असा आहे. विषय सांगितला की समोरून हमखास दोन प्रश्न येतात. पहिला, ‘यात पीएच.डी. मिळते?’ (गाईड अजून वैतागलेले नाहीत, तेव्हा आशा आहे.) दुसरा प्रश्न, ‘मग आपल्याकडे गे विनोदी नट कोण होता?’ आणि मी तोंड उघडायच्या आत, आवाज थोडा खाली आणून, विचारणाराच उत्तर देतो : ‘ते गणपत पाटील ना?’

नाही. गणपत पाटील कोल्हापूरचे संसारी गृहस्थ होते, बायकामुलांचं घर होतं त्यांचं. मला आज लिहायचंय ते त्या शेवटच्या ‘ना?’बद्दल. नाटक-सिनेमात माणूस मरतो, खून करतो, देव होतो, आणि घरी जाऊन आमटीभात खातो, हे आपल्या प्रेक्षकाला चांगलं कळतं. निळू फुल्यांना बघून बायका बोटं मोडायच्या अशा गोष्टी आपण कौतुकाने सांगतो, पण त्यांच्या घराण्याची चौकशी कुणी त्यावरून केली नाही. मग नाच्याच्याच बाबतीत हे कळणं का थांबलं?

आधी माणसाची ओळख करून घेऊ. गणपत पाटलांचा जन्म कोल्हापुरातल्या गरीब घरातला. वडील लवकर गेले. घर चालवायला पोराने मिळेल ते काम केलं, मोलमजुरी केली, फुलं विकली. उरलेल्या वेळात मेळ्यांमधून कामं. रामायणाच्या खेळात ते सीता व्हायचे. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे त्याची गरज लागणार आहे : मुलगा सीता झाला म्हणून कुणी हसलं नव्हतं. मुलाने सीता व्हायचं हीच तर रीत होती. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामती झाले होते अण्णा साळुंके.

कोल्हापूर तेव्हा सिनेमाचं गाव होतं. राजा गोसावींच्या ओळखीने पाटील मास्टर विनायकांच्या कंपनीत शिरले. तिथे नट म्हणून थेट पडद्यावर जायची सोय नव्हती. सुतारकाम, रंगभूषेत हाताखाली काम, गर्दीत उभं राहणं, असं करत करत माणूस कॅमेऱ्याजवळ सरकायचा. पुढे भालजी पेंढारकरांच्या ‘मीठभाकर’मध्ये त्यांना जरा खलनायकी वळणाची भूमिका मिळाली. म्हणजे सुरुवातीचे गणपत पाटील हे कंपनीत कष्टाने वर आलेले, सगळ्या प्रकारची कामं करू शकणारे नट आहेत. त्यांच्या कारकिर्दीचा हा भाग लोक विसरतात आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. नाच्या हा त्यांचा स्वभाव नव्हता. ती त्यांनी कमावलेली गोष्ट होती, जशी एखादा तबलजी बोट कमावतो.

वळण आलं ते रंगमंचावर. ‘जाळीमध्ये पिकली करवंदं’ या नाटकातला त्यांचा नाच्या लोकांनी डोक्यावर घेतला. मग ‘वाघ्यामुरळी’ या चित्रपटात तसंच काम मिळालं. (बदलापूरच्या वाचकांना वाघ्यामुरळी कोण हे सांगायला नको, मुळगावचा खंडोबा त्यांच्या गावाशेजारीच आहे.) आणि मग पुढची काही दशकं तेच. मराठी सिनेमा छोटा धंदा होता. निर्माता कर्ज काढून पिक्चर करायचा. एकदा चाललेली गोष्ट पुन्हा चालवणं हा तिथला नियमच. चाललेल्या भूमिकेत माणूस अडकायला तिथे फार वेळ लागत नसे.

आता हा ‘नाच्या’ कोण? शब्दाचा अर्थ सरळ आहे : नाचणारा. तमाशात बायका उभ्या राहायच्या आधी मुलगेच नाचायचे, नाच्या पोऱ्या म्हणून. लुगडं नेसून, घुंगरू बांधून. पवळा हिवरगावकर पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहिली त्या काळापासून बायकांचा नाच तमाशाचं मुख्य आकर्षण होत गेला आणि नाच्या पोऱ्याचं मूळ कामच गेलं. पण लोककला कुठलीही गोष्ट टाकून देत नाही, तिला दुसरीकडे बसवते. गण झाला की गवळण येते. त्यात कृष्ण, पेंद्या, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, आणि त्यांच्याबरोबर एक मावशी. ही मावशी पुरुषच करतो, आणि ती हसवण्यासाठीच असते. नाचणारा देखणा पोऱ्या मागे पडला, विनोदी मावशी राहिली. माझ्या मते चित्रपटातला नाच्या या दोघांच्या मिश्रणातून आला. नाव पोऱ्याचं, काम मावशीचं.

पण एक बदल झाला, आणि सगळी गोम तिथे आहे. फडावरची मावशी डोक्यावर पदर घेते, निदान काहीतरी पांघरते. पेंद्या तिला ‘मावशी’ म्हणतो आणि प्रेक्षक मान्य करतो की हे सोंग आहे. चित्रपटातल्या नाच्याच्या अंगावर बहुतेक वेळा पुरुषाचेच कपडे. काजळ असेल, एखादा रंगीत रुमाल असेल, पण माणूस धोतर-सदऱ्यात. बायकीपण कुठे असतं? मनगटात, मानेत, कमरेत, आवाजाच्या उंचीत. म्हणजे थेट शरीरात.

याचा अर्थ काय होतो ते बघायला दुसऱ्या प्रकारचा विनोद शेजारी ठेवू. आचार्य अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ म्हणजे ब्रँडन थॉमसच्या १८९२ च्या ‘चार्लीज आंट’चा मराठी अवतार. ऐंशीच्या दशकात विजय चव्हाणांनी ती मावशी अशी केली की अजून कॉलेजच्या गॅदरिंगला तिची नक्कल होते. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) तर आपल्याला तोंडपाठ आहे. भाड्याची खोली मिळेना म्हणून सचिन पिळगावकरांची सुधा होते आणि लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती. दोन्हीकडे पुरुष साडी नेसतो. पण का नेसतो याचं कारण प्रेक्षकाला आधीच सांगितलेलं असतं. कारण नेहमी बाहेरचं असतं : पोरींना चहाला बोलवायचंय आणि घरात वडीलधारी बाई हवी, किंवा डोक्यावर छप्पर नाही. साडीच्या आत अस्सल पुरुष आहे याची आठवण दर पाच मिनिटांनी करून दिली जाते. विडी ओढायची तल्लफ येते, आवाज मधेच जाड होतो, मनातली पोरगी समोर आली की पार्वतीची तारांबळ उडते. आणि शेवटी साडी उतरते, टोप उतरतो, लग्न लागतं. लक्ष्मीकांत बेर्डेंबद्दल मला आजवर कुणी आवाज खाली आणून काही विचारलेलं नाही. विजय चव्हाणांबद्दलही नाही.

गणपत पाटलांच्या नाच्याला उतरवायला काही नव्हतं. चित्रपट संपतानाही तो तसाच असायचा, त्याची सुटका करणारं कथानक कुणी लिहिलंच नाही. तो असा का, याचं कारण कुणी दिलं नाही, कारण ते कुणाला हवं नव्हतं. तो असाच आहे, बस. आणि जी गोष्ट कथेत उतरत नाही ती प्रेक्षक कथेबाहेर घेऊन जातो.

बालगंधर्वांचं उदाहरण इथे कुणीतरी देणारच, म्हणून मीच देतो. नारायण श्रीपाद राजहंस भामिनी झाले, रुक्मिणी झाले, सिंधू झाले. घरंदाज बायकांनी त्यांच्यावरून साडी नेसायची, केस बांधायची पद्धत उचलली. तेही पुरुष, तेही स्त्रीच्या हावभावांत. मग हसू का नाही? एक कारण उघड आहे. संगीत नाटक हे मुख्यतः पांढरपेशांचं, तिकीट काढून खुर्चीत बसून बघायचं. तमाशा महार, मांग, कोल्हाटी कलावंतांचा, कनातीतला, आणि प्रतिष्ठितांनी लपून बघायचा. एकाच कृतीला तिथे ‘साधना’ म्हणायचं आणि इथे ‘चाळे’. दुसरं कारण जरा आतलं आहे. बालगंधर्व स्त्री साकारत होते. नाच्या स्त्री साकारतच नाही. तो पुरुष आहे आणि पुरुषाने जसं असायला हवं तसा तो नाही. हसू त्याला आहे. पुरुषपणातली उणीव म्हणून ते हसू येतं. गणपत पाटलांनी सीता केली तेव्हा ते पहिल्या रांगेत होते. नाच्या केला तेव्हा त्यांची रांग बदलली.

तमाशापटांचा जोर केवढा होता ते सांगायला हवं. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंद टॉकीजला १३१ आठवडे चालला. त्यानंतर जवळपास दोन दशकं पाटील, सरपंच, फड, सवाल-जवाब आणि बोर्डावरची बाई यांचे चित्रपट येत राहिले. त्यात नाच्या ठरलेला. १९६५ च्या ‘केला इशारा जाता जाता’सारख्या चित्रपटांतून गणपत पाटील घराघरांत नव्हे, टुरिंग टॉकीजच्या तंबूतंबूंत पोचले. अंबरनाथची काडेपेटीची कंपनी, ऑर्डनन्स फॅक्टरी, उल्हास नदीच्या काठचे कारखाने, इथे कामाला आलेली देशावरची आणि कोकणातली माणसं हाच या चित्रपटांचा प्रेक्षक होता. गावाकडे बघितलेला तमाशा त्यांना इथे पडद्यावर भेटायचा.

कथेत या नाच्याचं काम काय असतं, हे मी वहीत टिपत गेलो तेव्हा एक मजेशीर गोष्ट हाती लागली. तो नुसता हसवत नाही. पाटलाचा निरोप बाईकडे तोच आणतो. बाईच्या राहुटीत बेधडक जाऊ शकणारा एकमेव पुरुष तोच. तिचं खरं दुःख त्याला माहीत असतं. खलनायकाचा डाव त्याला आधी कळतो. तो धावत येऊन सांगतो आणि त्याचं कुणी ऐकत नाही, कारण तो नाच्या. मार खातो तोच. म्हणजे पटकथाकाराला जिथे जिथे अडलं तिथे तिथे त्याने नाच्याला धाडलंय. बाईच्या जवळ जायची परवानगी त्याला ज्या कारणाने मिळते, त्याच कारणाने त्याच्या शब्दाला किंमत नाही. हे एवढं सगळं त्या भूमिकेत आहे, आणि आपल्या लक्षात राहिलं ते मनगट.

आणि खरं सांगायचं तर मनगट लक्षात राहण्यासारखंच होतं. मी आता पाटलांची कामं पुन्हा बघतो तेव्हा त्यांच्या वेळेच्या जाणिवेने थक्क होतो. ते आधी मानेने प्रतिक्रिया देतात, मग डोळ्यांनी, आणि शब्द शेवटी येतो. तोवर प्रेक्षक हसून मोकळा झालेला असतो. हे हसू वाईट होतं, म्हणून मी हसत नाही, असं मी म्हणणार नाही. मी हसतो. मला फक्त ते हसू पुढे कुठे गेलं ते बघायचंय.

ते त्यांच्या दारात गेलं. गणपत पाटलांवर लिहिणारा जवळपास प्रत्येकजण सांगतो की ते खऱ्या आयुष्यातही ‘तसेच’ असणार असं लोक धरून चालले, आणि मुलांची लग्नं जमवताना त्याचा त्रास झाला. लग्नाच्या बोलणीत हा प्रश्न कसा येत असेल? सरळ कुणीच विचारत नाही. ‘घराणं चौकशी करून सांगतो’ म्हणतात आणि मग निरोप येत नाही. ज्या माणसाचं काम बघायला त्याच लोकांनी तिकीट काढलं, त्याच्याशी सोयरीक नको. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘रंग नाच्याचा’. आयुष्यभर चिकटलेला शब्द त्यांनी स्वतःच पुस्तकाच्या तोंडावर घातला. त्यात शरण जाणं आहे की अभिमान, यावर आमच्या विभागात एकदा चहा संपेपर्यंत वाद झाला. माझं मत अभिमान. रंग हा शब्द बघा ना. रंग लावतात, आणि धुतात.

इथे एक गुंता सोडवायला हवा, तोही घाईत नाही. लोकांच्या मनात ‘तसा’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात : पुरुषाला पुरुषाचं आकर्षण असणं, स्वतःला पुरुष न मानणं, आणि चालण्याबोलण्यात नाजूकपणा असणं. एखाद्यात तिन्ही असतील, एखाद्यात एकच, एखाद्यात एकही नसेल. समलिंगी पुरुषांपैकी कितीतरी जण रांगडे असतात आणि नाजूक चालणारे कितीतरी पुरुष बायकोवर जीव टाकतात. पण मराठी विनोदाने या तिन्हींना मिळून एकच चेहरा दिला, आणि तो गणपत पाटलांचा. त्याचा परिणाम दोन्ही बाजूंनी झाला. पाटलांना ते नसलेली ओळख मिळाली. आणि ज्या मुलांना वयात येताना आपल्याबद्दल काहीतरी कळत होतं, त्यांना मराठीत स्वतःसाठी जो एकमेव सार्वजनिक शब्द सापडला, तो हसायचा होता.

आता थोडं लांब जाऊ. नेमक्या त्याच वर्षी, मार्च १९६५ मध्ये, बीबीसी रेडिओवर ‘राउंड द हॉर्न’ नावाचा विनोदी कार्यक्रम सुरू झाला. त्यात ज्युलियन आणि सँडी अशी दोन पात्रं होती. नाजूक बोलणारे दोघे मित्र, दर आठवड्याला नवा धंदा काढणारे. लिहिणारे बॅरी टुक आणि मार्टी फेल्डमन. सँडीचा आवाज केनेथ विल्यम्सचा, ज्युलियनचा ह्यू पॅडिकचा. दोघे मधूनच पोलारीत बोलायचे. पोलारी म्हणजे तिथल्या नाटकवाल्यांत, खलाशांत आणि समलिंगी पुरुषांत चालणारी सांकेतिक बोली. आपल्याकडच्या हिजडा समाजाची जशी स्वतःची बोली आहे तसंच काहीसं. रविवारी दुपारी जेवणं उरकून सगळं कुटुंब रेडिओभोवती बसून हसायचं. त्या वेळी इंग्लंडमध्ये दोन पुरुषांचे संबंध हा गुन्हा होता. कायदा बदलला जुलै १९६७ मध्ये, तोही एकवीस वर्षांवरच्यांसाठी आणि बंद दाराआड.

फरक ऐकताक्षणी कळतो. ज्युलियन आणि सँडी दोघे आहेत. त्यांना एकमेक आहेत. विनोदातली अर्धी गंमत अशी की त्यांना जे कळतं ते सूत्रधाराला अर्धवटच कळतं, आणि घरी बसलेल्या वडीलधाऱ्यांना तर त्याहून कमी. हसू त्यांच्या बाजूने सुटतं. आपला नाच्या एकटा आहे. अख्ख्या तमाशापटांत दोन नाच्ये एकमेकांशी गप्पा मारत बसलेत असं दृश्य आठवतं का तुम्हाला? मला नाही आठवत. त्याला जोडीदार दिला असता तर त्याला स्वतःचं आयुष्य द्यावं लागलं असतं.

पण केनेथ विल्यम्सचा हेवा करायचंही कारण नाही. ‘कॅरी ऑन’ मालिकेचे वीसहून अधिक चित्रपट, रेडिओ, टीव्ही, सगळीकडे तोच फुगवलेल्या नाकपुड्यांचा, तिरकस आवाजाचा माणूस. तो खरोखर समलिंगी होता आणि ते मोकळेपणी सांगणं त्याला जमलं नाही. १९८८ मध्ये तो वारला आणि नंतर त्याच्या डायऱ्या छापल्या गेल्या, तेव्हा लोकांना कळलं की हा माणूस किती एकटा आणि स्वतःवर किती चिडलेला होता. तिथे जो होता त्याला ‘आहे’ म्हणता आलं नाही. इथे जो नव्हता त्याला ‘नाही’ म्हणून उपयोग झाला नाही. एकाच दशकातले हे दोन विनोदी नट मी प्रबंधात शेजारी ठेवलेत. गाईडना आधी ते ओढूनताणून वाटलं होतं.

मग मराठीत खरोखर समलिंगी असलेले विनोदी नट, लेखक नव्हतेच का? असणार की. माणसं सगळीकडे असतात. पण १८६० च्या भारतीय दंड विधानातलं कलम ३७७ डोक्यावर असताना कोण कशाला तोंड उघडेल? आणि मी कुणाच्या भूमिकेवरून, राहणीवरून नावं काढत बसलो, तर गणपत पाटलांना जे केलं गेलं तेच मी करतोय असं होईल. एखाद्याने स्वतः सांगितलं असेल तर लिहायचं, नाहीतर नाही, हा नियम मी पाळतो. त्यामुळे माझ्या या प्रकरणात नावं कमी आहेत. असू देत.

मराठी रंगभूमीने विषय हाताळला नाही असं मात्र नाही. तेंडुलकरांची ‘मित्राची गोष्ट’ १९८१ सालची, त्यात स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री आहे. पण ते गंभीर नाटक. तिथे हसायला जागा नाही. म्हणजे वाटणी झालेली दिसते : समलिंगी माणसाचं दुःख दाखवायचं असेल तर प्रायोगिक नाटक, हसायचं असेल तर नाच्या. या माणसाने स्वतः विनोद करावा, लोकांना हसवावं, चावट बोलावं, आणि तरीही माणूस म्हणून उभं राहावं, अशी तिसरी खोली बांधलेलीच नव्हती.

ती बांधायला घेणाऱ्यांत मला चेतन दातार दिसतात. सत्यदेव दुबेंच्या तालमीतले, ‘आविष्कार’शी जोडलेले लेखक-दिग्दर्शक. त्यांचं ‘एक माधव बाग’ हे एका आईचं स्वगत आहे. मुलगा समलिंगी आहे हे कळल्यानंतरची आई. मोना आंबेगावकर यांनी त्याचे बरेच प्रयोग केलेत. त्या नाटकाबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला त्याच्याइतकंच महत्त्वाचं वाटतं ते दातारांचं ‘जंगल में मंगल’. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’वरून उचललेलं, लोकनाट्याच्या वळणाने खेळणारं, धमाल. मूळ नाटकच असं की रात्रीत कोण कुणावर भाळेल याचा नेम नाही. एकाच लेखकाने आईचं दुःखही लिहिलं आणि जंगलातली ही धांदलही. वर सांगितलेली वाटणी त्याने मान्य केली नाही.

२००८ साली मार्चमध्ये गणपत पाटील गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, चेतन दातार गेले. पुढच्याच वर्षी, २ जुलै २००९ ला, दिल्ली उच्च न्यायालयाने ३७७ ला पहिल्यांदा कात्री लावली. आणि १ जानेवारी २०१० ला रवी जाधव यांचा ‘नटरंग’ लागला. अतुल कुलकर्णींनी केलेला गुणा कागलकर हा पिळदार शरीराचा माणूस फड उभा राहावा म्हणून नाच्या होतो, आणि मग घर, गाव, अब्रू एकेक करून जातं. आनंद यादवांची कादंबरी ही कल्पित कथा आहे, गणपत पाटलांचं चरित्र नव्हे. तरी चित्रपट बघताना कितीतरी लोकांना पाटीलच आठवले. मला ‘नटरंग’ आवडतो, पण एक तक्रार आहे. गुणा आतून ‘खरा मर्द’ आहे हे चित्रपट आपल्याला पुनःपुन्हा पटवून देतो, म्हणजे पुन्हा साडीच्या आतला पुरुष. त्याच्यावर झालेला अन्याय अन्याय का, तर तो ‘तसा’ नव्हता म्हणून. समजा असता तर?

पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ३७७ गेलं. आज मुंबईत नवीन नोरोन्हासारखा स्टँडअप करणारा माणूस माईक हातात घेऊन आपण गे आहोत हे सांगतो आणि त्यावरून स्वतःच विनोद करतो. नाच्यावर हसणारा प्रेक्षक आणि त्याच्यावर हसणारा प्रेक्षक यांच्यात अंतर फारसं नाही, एखाद्या पिढीचं असेल. फक्त वाक्य कुणी लिहिलंय ते बदललं. मराठी टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत मात्र साडी नेसलेला पुरुष अजून दर आठवड्याला येतो, आणि तो अजून बनवाबनवीच्याच शाळेतला आहे, मधेच आवाज जाड करून खात्री पटवणारा.

प्रबंधासाठी मी सध्या प्रेक्षकांच्या आठवणी जमवतोय. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात, किंवा तुमच्या गावाकडे, घरातल्या कुणी गणपत पाटलांचं नाटक किंवा त्यांचे चित्रपट तंबूत बसून पाहिले असतील तर मला जरूर कळवा. गोष्ट आठवत नसली तरी चालेल, ती बहुतेक सगळ्यांची सारखीच होती. मला विचारायचंय ते एवढंच, की नाच्या आला की थिएटरात कोण हसायचं, कोण गप्प बसायचं, आणि घरी परत येताना त्याच्याबद्दल काय बोलणं व्हायचं.